मागच्या डाव्या चाकाची हवा

आमच्या गाडीची हवा अण्णांच्या पायानं तपासली जायची. अण्णा म्हणजे माझे वडील. नोकरीभर त्यांनी एसटी चालवली. बस काढायच्या आधी टायरवर लोखंडी रॉड हाणायचा आणि आवाज ऐकायचा, ही तिथली सवय. घरी गाडी आली तेव्हा रॉडचं काम उजव्या पायाकडे आलं. चारी चाकांभोवती फिरून प्रत्येकाला एक लाथ. अंगठ्याला उलटा धक्का बसला की म्हणायचे, "टणक हाय. बसा."

मी एकदा हवा मोजायचं छोटं मीटर आणून दिलं होतं. ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि गाडीच्या खणात टाकलं. "म्या काय आज गाडी बघायलोय व्हय?" म्हणाले. अण्णांनी असा प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं नसतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते आईला डायलिसिससाठी भूमहून बार्शीला न्यायचे. मी भूमलाच शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यांच्याबरोबरच राहते. गाडी मलाही येते. पण दवाखान्याचे दोन दिवस अण्णांचे, असं कुणी न ठरवता ठरून गेलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी शाळेतून आले तर फरशीवर रक्ताचे ठिपके. ठिपक्यांच्या मागं मागं गेले, तर अण्णा पायावर पाय टाकून टीव्हीवरच्या बातम्या बघत बसलेले आणि त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख उभं फाटलेलं.

"अण्णा, पायाला काय लागलं?"

"कुठं काय?"

खाली बघितलं तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त दचकले. चाकाला लाथ मारताना लागलं असणार. साखरेचा आजार जुना, पाय बधिर होत चालल्याचं डॉक्टर बोललेच असतील. पण अण्णांनी ते घरात सांगताना "मुंग्या येत्यात जरा" एवढंच सांगितलं होतं. मी पट्टी बांधली, अंगणात गेले आणि खणातलं ते मीटर काढून प्रत्येक चाकाला लावलं. तीन चाकं ठीक होती. मागच्या डाव्यात अठरा. पाहिजे होती तेहतीस.

या चाकावर आई बार्शीला जाऊन आली होती.

पंक्चरवाल्यानं चाक पाण्यात बुडवून दाखवलं. "रिम वाकलीय मॅडम, काठावरनं हवा उतरायलीय. गाडी एक दिस टाकावी लागंल." गाडी टाकायची तर अण्णांना कारण सांगावं लागणार. मी म्हटलं, आज नुसती हवा भरा.

मग तेच सुरू झालं. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी "भाजी आणते" म्हणून गाडी काढायची. चारचाकी घेऊन जायची आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन यायची. चाक मात्र भरलेलं असायचं. सकाळी अण्णा लाथ मारायचे, टणक हाय म्हणायचे, आणि ते खरंच टणक असायचं. आई निवांत बसायची. उन्हाळा लागेपर्यंत हा कारभार चालला. म्हाताऱ्या माणसाचा मान राखतेय, असं मी स्वतःला बजावत राहिले.

एप्रिलमध्ये शाळेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, धाराशिवला. गुरुवारी रात्री मुक्काम तिथंच. दिवसभर चाक डोक्यात होतं. फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगणार होते? आणि एका दिवसानं काय होतंय, असंही म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आईचा फोन आला. बार्शीच्या अलीकडं टायर फुटलं होतं. गाडी रस्ता सोडून नांगरलेल्या रानात गेली होती. दोघांना काही लागलं नव्हतं. एका जीपवाल्यानं आईला पुढं दवाखान्यात नेलं होतं. अण्णा गाडीपाशी थांबले होते.

मी पोचले तेव्हा ते लिंबाखाली बसले होते. मागच्या डाव्या चाकाच्या नुसत्या चिंध्या राहिल्या होत्या.

"हवा बरोबर व्हती," ते म्हणाले. "म्या सकाळी बघितली."

मी सगळं सांगून टाकलं. रिम, सोमवार, गुरुवार, कोथिंबीर. मला वाटलं, आता फाडून खातील.

"टायर फुटलं तवा स्टेरिंग धरलं म्या," ते म्हणाले. "पर ब्रेक घावंना. पाय कशावर हाय तेच कळंना. हँडब्रेक वढला." माझ्याकडं वळून म्हणाले, "तू सांगायचं व्हतंस गं. लई बोललो असतो तुला. पर किल्ली तुझ्या हातात दिली असती."

हे मला ठाऊक होतं. त्यांच्या बोलण्याला मी भ्याले नव्हते. किल्ली माझ्या हातात आली असती, तेच मला नको होतं. आठवड्याला दोन रजा, मुख्याध्यापकांची नाराजी, दवाखान्याच्या बाकावरचे चार चार तास. अण्णांचा पाय बधिर झालाय आणि त्याच पायानं ते ब्रेक दाबतात, हे कळलं त्याच संध्याकाळी मी हा सगळा हिशोब केला होता आणि आईला त्यांच्या शेजारी बसू दिलं होतं.

अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं मन दुखू नये म्हणून केलंस तू. कळतंय मला."

"व्हय अण्णा," मी म्हणाले.