जोडा उतारो

आता मी दुकानात शिरले की दुकानदारालाच घाम फुटतो, त्यामुळे नातवंडांना हे खरं वाटत नाही. पण त्या वेळची मी म्हणजे पदरात गुंडाळलेलं एक भित्रं गाठोडं होते. मोटारीत ठेवलं तर मोटारीत, खाली उतरवलं तर रस्त्यावर. अक्कल असेलच कुठं तर ती माहेरी विसरून आलेली.

आम्ही भोकरदनला राहायचो. निजामाचं राज्य होतं आणि आमचे हे तहसिलीत कारकून होते. त्या साली त्यांना मुदतीचा ताप आला. माणूस उठला खरा, पण सदऱ्याच्या आत त्याला शोधावं लागे. चार पावलं चालले की भिंतीला हात लावायचे आणि मी बघितलंय असं दिसलं की भिंतीवरचा चुना तपासल्यासारखं करायचे.

डॉक्टर म्हणाले, "उघड्या हवेत खेळा. घाम निघू द्या. नुसतं पडून राह्यलात तर ताकद यायची नाही."

आता खेळायचं कोणाशी? कचेरीतली मंडळी पान खाण्यापलीकडे दुसरा व्यायाम करत नसत. यांनी कुठंतरी साहेबाला त्याच्या मडमेबरोबर बॅडमिंटन खेळताना पाहिलं होतं. झालं! मडम म्हणून माझी नेमणूक झाली.

सासूबाई म्हणाल्या, "सून अंगणात उड्या मारणार? मंग मी काय करू, गोट्या खेळू का?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्याला म्हणावं, तुझी बायको नाचव."

तरी त्यांनी अडवलं नाही. लेकाची तब्येत त्यांनाही दिसत होती. खेळाचं सामान आणायला जालन्याच्या मोटारीत बसायच्या आधी मला बाजूला घेऊन त्यांनी खाली वाकून माझी जोडवी चाचपली. आजारपणात जागून आणि उपासतापास करून मी इतकी वाळले होते, की जोडवी बोटातून निसटायला लागली होती. तेव्हा सासूबाईंनीच त्यांना दोरा गुंडाळून ती घट्ट बसवली होती. पायातली जोडवी कधी उतरतात ते न सांगताही बाईला कळतं. त्या दिवसापासून मी चालताना समोर कमी आणि पायाकडं जास्त बघायची. दोनदा म्हशीवर जाऊन आदळले.

जालन्याच्या बाजारातलं ते दुकान म्हणजे नुसता हंगामा. शिकारीचं आणि खेळाचं सगळं सामान एकाच छताखाली. कपाटात बंदुका, भिंतीला जाळी आणि मासे धरायचे गळ, एका कोपऱ्यात हॉकीच्या काठ्यांची मोळी आणि मधोमध खराखुरा तंबू ठोकलेला. दारातच भुसा भरलेला बिबट्या उभा होता. मी त्याला पाहिलं आणि वाट द्यायला बाजूला सरकले. तो काही गेला नाही.

"अगं, मेलेला आहे तो," हे म्हणाले.

"मेलेला हाय तर बघून का राह्यला माझ्याकडं?"

यांनी दोन रॅकेटी आणि पिसांची फुलं घेतली. एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं, तर म्हणाले, "आता हिच्यासाठी कॅनव्हासचे जोडे दाखवा. अनवाणी खेळली तर पाय मुरगळेल."

विकणारा दाढीवाला गृहस्थ होता, आदबीचा. त्यानं मला स्टुलावर बसवलं, समोर उकिडवा बसला, माझ्या पायांकडं बोट केलं आणि म्हणाला, "जोडा उतारो, बीबी."

मला भर दुपारी अंधारून आलं.

त्याचं बोट बरोबर माझ्या जोडव्यांकडं होतं. सौभाग्य काढायला लावणारा हा कोण? तेही असं, टोपी काढा म्हणावं इतक्या सहज! मी यांच्याकडं बघितलं. यांनी चक्क मान हलवली. "उतार ना. किती वेळ लावतेस?"

"न्हाई."

"अगं, मापाला लागतं."

"न्हाई म्हणलं ना!"

"जल्दी नहीं है, आराम से उतारो," तो बिचारा म्हणाला.

मी उठले. दाराकडं पळावं तर बिबट्या. म्हणून तंबूत शिरले. लपायला बाजारातल्या दुकानाचा तंबू शोधणारी मीच एक! आत एका कोपऱ्यात बसून दोन्ही पाय लुगड्याखाली घेतले आणि जोडवी मुठीत धरली. दोरा होता जागेवर.

बाहेरून आवाज आला, "साब, बीबी को डेरा पसंद आया क्या? बराबर दाम लगा देता."

हे आत आले. "काय चाललंय तुझं? लोक बघताहेत."

"बघू द्या. तो जोडवी काढ म्हणतो अन् तुम्ही माना हलवता? तुम्हाला तुमच्या जिवाचं काहीच न्हाई का?"

हे बघतच राहिले. मग हसायला लागले. "अगं येडे, जोडा म्हणजे तुझ्या वहाणा! वहाणा काढ म्हणाला तो!"

तापानंतर ते पहिल्यांदाच एवढे हसले. मीही हसले असते, पण हसता हसता यांचा दम सुटला. तोंड पांढरं पडलं आणि ते तंबूतच खाली बसले. मी पदर-बिदर सोडून ओरडले, "पानी! पानी द्या!" दाढीवाला तांब्या घेऊन धावला. घोट घोट करून रंग परत आला. तोवर माझ्या तोंडाचा कोणता रंग होता, मला माहीत नाही.

बाहेर येऊन मी निमूट वहाणा काढल्या. त्यानं एक कॅनव्हासचा जोडा माझ्या पायात सरकवायला घेतला. अर्ध्यात अडला. पुन्हा लावून बघितला, पुन्हा अडला.

"साब, ये चांदी का छल्ला जरा निकाल देते तो..."

"नको!" हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बंदुका बघणारं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "नको, नको. राहू द्या ते. बिलकुल नको."

शकुन-अपशकुन म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच्या मागं जाणारा. मी बघितलं तर त्यांनी मान खाली घालून रॅकेटीच्या दोऱ्या मोजल्यासारखं केलं. मला तोवर वाटत होतं, घरात भिणारी मी एकटीच.

जोडे न घेताच परतलो. दुसऱ्या संध्याकाळी अंगणात खाटेची दोरी आडवी बांधून खेळ सुरू झाला. मी अनवाणी, लुगड्याचा काचा मारलेला. माझं एक फूल गोठ्यात गेलं, एक तुळशीत, एक सासूबाईंच्या पाटीतल्या ज्वारीत. समोर म्हणून एकही जाईना. आणायला धावायचे हे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम माझ्या नेमबाजीनं त्यांना पुरेपूर मिळाला.

शेवटी ते ओट्यावर टेकले. केसांतून पाणी ओघळत होतं. सासूबाई ज्वारी निवडायची थांबल्या. मी गेले आणि सवयीनं कपाळाला हात लावला.

थंडगार होतं.

"घाम हाय, आत्याबाई," मी म्हणाले. "नुसता घाम."

"मंग बसलास कशाला?" सासूबाई लेकावर खेकसल्या. "ऊठ, खेळ अजून!"