पान न उलटता

झरीहून निरोप घेऊन गडी आला तेव्हा मी परभणीच्या घरी दाढी करत बसलो होतो. "अक्का गेल्या," एवढंच म्हणून तो पायरीवर टेकला. अर्धी दाढी तशीच पुसून मी एसटी गाठली. नंतरच्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द... सोशिक. भावकीतले वडीलधारे बोलले, भटजी बोलले, जन्मात तिच्याशी चार वाक्यं न बोललेली माणसं बोलली. "लय सोशिक बाई. कधी वर मान करून बोलली न्हाई." मी सगळ्यांपुढं मान डोलवत होतो. आता काही आठवडे उलटलेत, पण त्या शब्दाचा संताप उतरत नाही. तिला सोसायला लावलं कुणी, हे एकानंही विचारलं नाही. म्हणून मीच सांगतो. त्यात मी होतो.

आमचं घर वालूरचं. आमचे वडील, आप्पा, निजामाच्या अमलातले पटवारी. दफ्तर उर्दूत आणि धाक मराठीत, असा त्यांचा कारभार. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पत्रिकेत कडक मंगळ, म्हणून वय वाढत गेलं तरी लग्न जमलेलं नव्हतं. श्रावणात दुपारी माजघरात पोथी लागायची. वाचायला मी आणि समोर अक्का. पोथीची पानं सुटी असतात. वाचून झालेलं पान मी पुढं करायचं आणि तिनं ते घेऊन पालथं ठेवायचं, हे तिचं लहानपणापासूनचं काम. ओवी संपत आली की माझ्याकडं न बघताच तिचा हात पुढं यायचा.

तेव्हा मी हैदराबादेत इंटरला होतो. युद्धाचे दिवस. छावणीतले गोरे सोल्जर जाताना पुस्तकं रद्दीत टाकून जात. तिथं मला एक अमेरिकन कादंबरी मिळाली. कॉलेजातल्या पोरांचा चेंडूफळीसारखा एक खेळ, आणि त्यातलं प्रेम. वेष्टणावर खांद्यावर दांडू टाकलेला पोरगा आणि कुंपणाला टेकलेली पोरगी. खरं सांगायचं तर त्या पोरीसाठीच मी ते घेतलं. सुट्टीत घरी आलो तर अक्कानं ट्रंकेतून ते बरोबर काढलं.

"हे कशाचं रे, बाळू?"

"कॉलेजातल्या पोरांची गोष्ट. खेळाची."

"मग पोथी झाली की हेच वाच. उगं ट्रंकेत कशाला कुजायलंय?"

मग रोज पोथी संपून शेजारच्या बाया गेल्या की त्याच चौरंगावर मी कादंबरी उघडायचो आणि मनात इंग्रजी वाचून तोंडानं मराठी सांगायचो. आई बाजूला तांदूळ निवडत बसायची, काही ऐकू येत नसल्यासारखी. त्या खेळाचं मला तरी काय कळत होतं! मैदानाला चार कोपरे, चेंडू मारायचा, एकेका कोपऱ्यावरून पळायचं आणि निघाला तिथंच परत यायचं, असं मी समजावलं. अक्का म्हणाली, "निघाला तिथंच यायचं तर निघायचं कशाला? येडे हायत का?" आणि तोंडात पदर कोंबून हसत बसली. पण चार दिवसांत ती पुरती गुंतली. त्यातल्या पोरीचं नाव एलन. अक्कानं तिची एलू केली. एलूचा बाप पोरांना खेळ शिकवणारा मास्तर, तिचा जीव चेंडू टाकणाऱ्या एका गरीब पोरावर, आणि बापानं तिला ठरवलेली एका थोराड गिरणीमालकाला. चुंबनाचा प्रसंग आला की मी अडखळायचो. "मग त्यानं... तिला नमस्कार केला."

"आँ? इतका वेळ मनातल्या मनात वाचलास, आन नुसता नमस्कार?"

तांदूळ निवडता निवडता आईसुद्धा गालात हसली होती, मला आठवतं. पुस्तक बांधीव, त्यामुळं पान हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी पान उलटलं की सवयीनं अक्काचा हात पुढं यायचा, मग चुकल्यासारखी ती तो मागं घ्यायची.

त्याच श्रावणात झरीचं स्थळ आलं. बिजवर, दोन लेकरांचा बाप, आप्पांच्या बरोबरीचा वाटावा असा. जमीनजुमला भरपूर आणि मंगळाची हरकत नाही. आप्पांनी परस्पर शब्द दिला. अक्का म्हणाली, न्हाई. आमच्या घरात पोरीनं हा शब्द आजवर काढला नव्हता. चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "एलूला तिचा बाप इचारतो तरी. मला कुणी इचारलं न्हाई, तरी मी सांगायलाय. न्हाई करायचं मला."

आप्पांनी मला ओसरीवर बोलावलं. "पोथीच्या चौरंगावर काय थेरं वाचायलास, सगळं ठाऊक हाय मला. तुझं ऐकती ती. हो म्हणायला लाव. न्हाईतर तुझं हैदराबाद बंद."

हैदराबादेत मी निजामाविरुद्ध मिरवणुकांत ओरडत होतो. लाठी खायची तयारी होती, तुरुंगाची होती. आणि ओसरीवर उभ्या स्वतःच्या बापापुढं माझ्या तोंडून "बरं" निघालं. आजही तो "बरं" आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आप्पांचा राग येतोच, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. पण त्यांनी स्वातंत्र्याच्या गप्पा तरी मारल्या नव्हत्या.

शेवटची पानं मी आधीच वाचली होती. त्यांत एलू बापाला तोंडावर नाही म्हणते, पिशवी उचलते आणि स्टेशनची वाट धरते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुस्तक पुढ्यात उघडून मी सांगितलं की एलू खूप रडली, मग बापाच्या पाया पडली, गिरणीमालकाशी तिनं लग्न केलं आणि सुखी झाली. अमेरिकेतली पोरगी मी बापाच्या पायावर घातली! बराच वेळ मी सांगत होतो. अक्काचे दोन्ही हात मांडीवर होते, एकदाही पुढं आले नाहीत. मला वाटलं, कथेत गुंगली असेल.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

दुसऱ्या दिवशी ती आईला हो म्हणाली. सासरी जाताना तिनं एवढंच मागितलं, ते पुस्तक. पोथीच्या जुन्या लाल बासनात बांधून ती ते घेऊन गेली, आणि झरीच्या देवघरात ते पोथ्यांच्या रांगेत जाऊन बसलं. दर भाऊबीजेला मी जायचो. ती ओवाळायची, लाडू पुढं करायची, माझ्या लेकरांची चौकशी करायची. त्या दुपारबद्दल एक शब्द नाही. एकदा तरी तिनं मला शिव्या घालायला हव्या होत्या.

तेराव्यानंतर मांडव निघाला, पाहुणे पांगले. मी निघालो तर शांतानं थांबवलं. शांता तिची सावत्र मुलगी, अक्का त्या घरात गेली तेव्हा ती परकरात होती. आज सेलूला मास्तरीण आहे.

"मामा, आईनं आमाला एलूची गोष्ट लय येळा सांगितली."

"काय सांगायची?"

"एलू न्हाई म्हणाली म्हणून सांगायची. माझं स्थळ आलं, मला शिकायचं होतं, तवा आई दारात आडवी उभी राहिली. पाहुण्यांना म्हणाली, पोरगी न्हाई म्हणायलीय, चहा घ्या आन निघा."

भावकीनं सोशिक ठरवलेली बाई ती हीच! मी कसंबसं विचारलं, "पण तिला कसं कळलं? मी तर..."

"तुमी पानच उलटत नव्हता म्हणं. एका पानाकडं बघत एवढं मोठं लग्न लावलंत. मी इचारलं, मग तू हो कशाला म्हणालीस? तर म्हणाली, भाऊच खोटं वाचायला लागल्यावर कुणाच्या जोरावर न्हाई म्हणू?"

शांतानं देवघरातून लाल बासन आणलं, चौरंग मांडला आणि समोर, अक्का बसायची तशी, मांडी घालून बसली.

"खरं काय ते तुमालाच ठाऊक, असं म्हणायची. समाप्ती राहिलीय, मामा. वाचा."

पुस्तकाची पानं पिवळी पडली होती, त्यांना कापूर-उदबत्तीचा वास लागला होता. मी वाचायला लागलो. एलू म्हणाली, नाही. बाप ओरडला. तिनं पिशवी उचलली, दार उघडलं... आणि तिथं पान संपलं. पुढची अक्षरं मला पाठ होती, तरी मी त्याच पानाकडं बघत राहिलो.

शांताचा हात केव्हाच पुढं आला होता.

"मामा," ती म्हणाली, "पान उलटा."