व्याह्यांच्या पायांवर वांग्यांचं खत

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाआड पत्रिका आली नाही, शेंगदाण्याची पेंड आली.

त्या काळी बडोद्यात सुधारणेचं वारं असं सुटलं होतं, की महाराज अख्खं राज्य सुधारत असताना माझ्यासारख्या कारकुनाने निदान परसबाग तरी सुधारावी, असं मला वाटू लागलं. नागरवाड्यातल्या आमच्या परसातली वांगी सुपारीएवढी झाली की वाढायचं सोडून देत. तेवढ्यात शेतकीवरचं एक व्याख्यान मी ऐकलं (निम्मं डुलक्यांत), आणि मातीला पेंड-शेण-राखेचं पाणी पाजायचं ठरवलं.

"रविवारी इंदूला बघायला येणार आहेत," सौ. म्हणाली. "तेवढं पार पडू दे, मग मातीला पंचपक्वान्नं वाढा!"

पण सुधारक कधी थांबतो होय! मी घरातलं जुनं घंगाळ घेतलं आणि त्यात सगळं भिजत घातलं. ते असं मुरलं, की शेजारच्या कांताबेननी भिंतीवरून विचारलं, "भाई, कंई मरी गयुं छे के?"

"मरतंय कसलं? माती जिवंत होणार आहे!" मी म्हणालो. तरी शेजारधर्म म्हणून घंगाळ उचलून पुढच्या अंगणात, दाराच्या डावीकडे ठेवलं. पाहुण्यांचे पाय धुवायचं पाणी सौ.ने उजवीकडे ठेवलं होतं.

मुलाचे वडील आले. फौजेतले, भरघोस मिशांचे. मी वाकून स्वतः तांब्या बुडवला आणि त्यांच्या पायांवर ओतू लागलो. नजर त्यांच्या मिशांवर. मिशा थरथरल्या. मला वाटलं, गहिवरले!

"हे पाणी कुठलं?"

"घरच्या विहिरीचं! अगदी गोड!" मी आणखी एक तांब्या ओतला.

"अहो, ते खत आहे!" दारातून सौ. किंचाळली.

मी खाली पाहिलं. पोरीचं नशीब मी माझ्याच हाताने ओतून टाकत होतो! तरी तोंड गप्प बसेना. "काळजी नसावी," मी म्हणालो, "फार पौष्टिक असतं."

आतून इंदू धावत आली. नवं लुगडं खोचून तिने पाहुण्यांचे पाय स्वच्छ धुतले, पुसले आणि मला म्हणाली, "नाना, तुम्ही आत बसा बघू."

तेवढ्यावरच पाहुणे निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला:

"मुलगी पसंत आहे. बोलणी करायला मात्र तिच्या मामांना पाठवा."