सीडीतलं डोकं

परवा लेकीनं जालन्यातल्या घरी नव्या टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. कायदा हातात घेऊन एकेका गुंडाला संपवणाऱ्या माणसाचा. पहिल्याच गोळीला मी राजूरच्या आमच्या जुन्या घरी पोचले.

तिथं एका दुपारी दार लोटून आम्ही हाच सिनेमा सीडीवर पाहिला होता. थिएटरात बसून कुणीतरी कॅमेऱ्यानं चोरून उतरवलेली ती सीडी. आईनं ती पदरानं पुसून दिली, तरी चित्र काळपटच. आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि गोळीपेक्षा थिएटरातल्या शिट्ट्याच मोठ्या. ऐन मारामारीत पुढच्या रांगेतलं एक डोकं उठलं आणि हिरो झाकला गेला. आई टीव्हीवरच खेकसली, "ए, खाली बस की! आम्हाला दिसून न्हाई राह्यलं!" आम्ही हसून लोळलो.

आता चित्र इतकं लख्ख, की हिरोच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजावेत. आई माझ्या शेजारी बसून पाहत होती. मग म्हणाली, "बिलकुल साफ दिसून राह्यलं. पण बाकीचे पाहणारे कुठं गेले गं?"

मी उठले आणि मुद्दाम टीव्हीसमोरून पाणी आणायला निघाले.

"ए, खाली बस की!" आई खुशीत ओरडली.