आक्काच्या म्हशीचं दूध तपासलं तेव्हा

पाचोडला माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, म्हैस व्यायली आणि थोड्याच दिवसांत तिला दगडी, म्हणजे कासेचा आजार, झाला. कास एका बाजूनं टणक आणि गरम. त्या सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी अन् गाठी. ओळखीच्या एकानं इंजेक्शनं दिली, मग बदलून दिली. सूज हटेना. मी सुट्टी बघून गेलो, तर आक्का गोठा सोडायला तयार नव्हती.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी कास चाचपली, आधी काय काय दिलं ते विचारलं आणि ती औषधं बंद करायला सांगितली. त्या औषधांचा अंगातला अंश उतरला की दुधाचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत द्यायचा, त्यातल्या जंतूंवर कोणतं औषध चालतं ते कळलं की मगच पुढचं इंजेक्शन.

"ती पाय झाडतीय, अन् मी नुसती बघत बसू व्हय?" आक्का म्हणाली.

"दुखणं कमी करायचं औषध देते, मावशी. पण जंतूंचं औषध पुन्हा अंदाजानं दिलं, तर तपासणीत काही नीट कळणार नाही."

अंश उतरल्यावर नमुना मीच बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं शहरात आणला. जंतू वाढायला वेळ लागतो, असं तिथं सांगितलं. शहराजवळ वाळूजला कंपनीत कामावर परतलो, पण लक्ष लागेना. रिपोर्ट आला का म्हणून आक्काचा सारखा फोन यायचा. एकदा शिफ्ट सुटल्यावर उगाचच प्रयोगशाळेत जाऊन आलो. रिपोर्ट तयार नव्हता. तरी बाकावर बसून राहिलो.

रिपोर्ट आला. आधी दिलेली दोन्ही औषधं त्या जंतूंवर चालतच नव्हती. एक जुनं, साधं औषध चालत होतं. डॉक्टर बाईंनी ते सुरू केलं. सूज उतरली, म्हैस वैरण खाऊ लागली. ते एक सड मात्र आटलं ते आटलंच.

आधीच दूध तपासलं असतं तर सड वाचलं असतं का, असं मी बाईंना विचारलं.

"वाचलं असतं कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत."

दुधातला औषधाचा अंश संपल्यावर आक्कानं रेडकू प्यायला सोडलं. ते त्या कोरड्या सडालाच ढुसण्या देऊ लागलं, अन् आक्का त्याचं तोंड धरून पुन्हा पुन्हा दुसरीकडं वळवत राहिली.