शंभरपैकी एक्केचाळीस

बारामतीच्या आमच्या ऑफिसात त्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर आलं. आपण लिहिलेला कोड वाचायला किती सोपा, याला ते शंभरपैकी गुण देई. माझ्या फाइलला मिळाले एक्केचाळीस.

ती फाइल एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडणीचा क्रम लावायची. त्यात मी उसाच्या प्रकारांना शेतकरी देतात ती आडसाली, सुरू, खोडवा हीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. यंत्राच्या शब्दकोशात ती नव्हती, म्हणून प्रत्येक नावामागे गुण कापले गेले.

"नावं बदला. प्रकार एक, दोन, तीन करा," साहेब म्हणाले.

"नाही बदलणार."

त्यांनी ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं. गुण झाले अठ्ठ्याऐंशी.

रविवारी गावी, कळसला, घरी गेले तेव्हा वडिलांना सांगितलं. ते हातातलं खुरपं खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या मशिनीला खोडवा कळत न्हाय व्हय? मग तिला कोण इचारतंय?"

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, यंत्राला नको, माणसांना वाचायला देऊ. आठवड्यापूर्वीच दोन मुली कामाला लागल्या होत्या, एक नागपूरची, एक रत्नागिरीची. उसातलं दोघींनाही काही कळत नव्हतं. माझ्या आणि नावं बदललेल्या, दोन्ही प्रतींत मी एकच चूक घातली: खोडव्याचं वय आधीच्या तोडणीपासून मोजायचं, ते मूळ ऊस लावला त्या लागणीपासून मोजलं. माझी प्रत नागपूरच्या मुलीला दिली, दुसरी रत्नागिरीच्या. सोबत दोघींना पिकाची माहिती देणारं सारखंच पानही दिलं आणि चूक शोधायला सांगितलं.

थोड्या वेळाने नागपूरची म्हणाली, "मॅडम, खोडवा म्हणजे काय?"

"ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटतो तो."

"सांगायचं नाही!" साहेब उठलेच.

"तीही विचारू शकते की," मी रत्नागिरीच्या मुलीकडे बघत म्हणाले.

ती गोंधळली. "काय विचारू? प्रकार तीन म्हणजे तिसरा प्रकार. ते लिहिलंच आहे."

नागपूरच्या मुलीने पान पुन्हा वाचलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "मग हे लागणीपासून का मोजलंय? पहिला ऊस तर तुटून गेला ना?" रत्नागिरीची जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाचत होती. चूक तिला सापडली नाही. त्यात तिचा काही दोष नव्हता, हे मी साहेबांना मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं.

साहेब म्हणाले, "दोन मुलींवरून काही सिद्ध होत नाही."

"खरंय. मग वीस जणी आणा. मी थांबते."

त्यांनी आणल्या नाहीत. चूक काढून माझी प्रत कारखान्याला गेली, कारण तिथल्या लोकांनीही तीच मागितली. यंत्र मात्र ऑफिसात राहिलं आणि दर महिन्याच्या तक्त्यात माझी फाइल लाल दिसत राहिली. वर्षअखेरीला माझ्या शेऱ्यात 'सूचना पाळत नाही' असं आलं. साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय का?

"लिहिलंय ते बरोबर आहे," मी म्हणाले आणि सही केली.