दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मधुकरराव,

घर गेलं. तुमच्या पुतण्यानं परवा दाराला कुलूप ठोकलं आणि गुलाबबाई दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन परतवाड्याला बहिणीकडे गेली. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मूर्खपणाचं आहे, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण ते घर तिच्याकडेच राहावं एवढी एकच गोष्ट तुम्हाला हवी होती आणि ती माझ्यामुळे झाली नाही.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली एकेचाळीस वर्षं तुम्ही लोकांचे दस्त लिहिलेत. पहिल्यांदा मी आले ती प्रतिज्ञापत्रासाठी. धंदा विचारलात, मी म्हटलं, "शिक्षिका. नागरिकशास्त्र."

"मग सांगा बाई, मालमत्तेचा हक्क कोणता?"

"मूलभूत."

"तो तर अठ्ठ्याहत्तर सालीच मूलभूतातून काढला ना जी! पोरांना शिळं वाढता काय?"

चार माणसं हसली. मी तणतणत घरी गेले, पुस्तक उघडलं, तर तुमचंच बरोबर. तेव्हापासून दर शनिवारी तुमच्या टेबलाशी माझा चहा आणि भांडण ठरलेलं.

कोर्टाच्या आवारात एका चहावर कोणाच्याही कागदावर साक्षीदाराची सही ठोकणारे लोक कमी नव्हते. तुमच्या टेबलाजवळ मात्र ते फिरकायचे नाहीत. "तू पाह्यलं काय त्याले सही करताना? नाही ना? मग निघ." आम्ही हसायचो. तुमच्या हातच्या दस्ताला कोर्टात कधी कोणी आडवं गेलं नाही, एवढं खरं.

कुमुदवहिनींना लकवा झाला तेव्हा गुलाबबाई त्यांची सेवा करायला आली. वहिनी गेल्या, ती राहिली. बावीस वर्षं. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. तुम्ही लग्न केलं नाहीत, खुलासाही केला नाहीत. कायद्यानं ती तुमची कोणी नव्हती आणि मूलबाळ नव्हतं, भाऊ-बहीण हयात नव्हते, म्हणून सारं पुतण्याचं. हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

मृत्युपत्र तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत. निवृत्त पोस्टमास्तर गावंडे यांच्यासमोर सही केलीत, त्यांनीही केली. पण दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र टिकत नाही; दुसरा हवा होता. चहावाल्या साक्षीदारांपैकी एकाला हाक मारली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. तुम्हाला मीच हवी होते.

शुक्रवारी कागद घेऊन फाटकाशी आलात. मी बाहेर निघाले होते.

"आत बसून सही दाखवतो, ती माझीच म्हणून सांगतो. मग तुम्ही करायची. झालं."

"मरणाच्या गोष्टी दारात नकोत मधुकरराव. सोमवारी मीच येते."

घाई होती, हे मी सगळ्यांना सांगितलं. खरं असं की, उद्या तो कागद कोर्टात वाचला जाईल आणि गुलाबबाईच्या नावाखाली माझं नाव येईल, याची मला लाज वाटली. तीस वर्षं मुलांना समानता शिकवली मी. रविवारी दुपारी तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर गुलाबबाई तो कागद घेऊन आली. "बाई, तारीख तर लिवलीच हाय. आता करा ना सही. कोण पाहते?"

पेन हातात होतं. पण तुम्ही सही मला दाखवली नव्हतीत, ती तुमचीच असं सांगितलं नव्हतंत; मी काय पाहिलं म्हणून सांगणार होते? मी नाही म्हटलं आणि तिला वकिलाकडे घेऊन गेले.

"बारा वर्सं राहिलं की हक्क लागते म्हणतात. मी तं बावीस राहिली."

वकिलानं समजावलं: मालकाला न जुमानता राहिली असती तर गोष्ट वेगळी. ही मालकाच्या मर्जीनं राहिली, त्यामुळे हक्क लागत नाही.

ती माझ्याकडे वळली. "म्हंजे त्यायनं मले हाकललं असतं अन् मी हटून बसली असती, तं घर माहं झालं असतं? असा कसा हो तुमचा कायदा?"

 तुम्हाला उत्तर आलं असतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नसतं.

ती शिव्या देत नाही, हे फार वाईट. जाताना माझ्याकडे लोणच्याची बरणी ठेवून गेली.

सोमवारी सकाळी दहाला मी तुमच्याकडे यायचं होतं, आधार कार्ड घेऊन.